खुर्चीचं विधेयक

सभागृहात तिला सगळे खुर्चीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण खासदारांच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे ते तिच्या कानावर यायला फार वेळ लागला नाही. ती चिडली नाही. उपाहारगृहात चहा घेताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इथे जो तो स्वतःच्या खुर्चीसाठी जिवाचं रान करतोय. दुसऱ्याला खुर्ची मिळावी म्हणून भांडणारी मी एकटीच. मग नाव मलाच शोभतं की!"

तिचं विधेयक एका पानात मावत होतं. दुकानात, उपाहारगृहात, फाटकावर, जिथे माणसं दिवसभर उभ्यानं काम करतात तिथे मालकानं त्यांच्यासाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेवली पाहिजे. आणि हाताशी काम नसताना बसलेल्या माणसाला कुणी उठवता कामा नये. बस्स, एवढंच. सरकारी विधेयकांची बाडं उचलून खांदे दुखलेल्या सचिवालयातल्या कारकुनानं तर ते पान उलटून पाहिलं होतं, मागे काही राहिलं का म्हणून.

मांडलं त्या दिवशी सभागृह खदाखदा हसलं. एका मंत्र्यानं विचारलं, यानंतर झोपण्याचं विधेयक येणार का? ती म्हणाली, त्याची इथे गरज नाही, मागच्या बाकांवर तो कायदा आधीपासूनच लागू आहे. तेव्हा जो हशा पिकला तो वेगळा होता, आणि त्या हसण्यावरच विधेयकाची पहिली पायरी पार पडली. मग ते चिकित्सा समितीकडे गेलं. समितीचं काम कलम न् कलम चिमटीत धरून उजेडात बघायचं. तिथे खुर्ची म्हणजे काय यावर बैठकांवर बैठका झाल्या. स्टूल चालेल का? बाकडं चालेल का? एका सदस्यानं तर घरून स्टूल आणलं आणि त्यावर बसून, पाठीची काही गरज नाही हे जोरजोरात पटवून देत असतानाच तो मागच्या मागे कोलमडला. पाठ असावी हे त्याच दिवशी एकमतानं ठरलं.

खालच्या सभागृहानं विधेयक मंजूर केलं आणि वरच्याकडे धाडलं. वरच्या सभागृहानं त्यात एक ओळ घातली, आणि सगळा घोळ त्या ओळीनं केला. ओळ अशी होती: खुर्ची कामाच्या जागीच, सगळ्यांना दिसेल अशी असावी, मागच्या खोलीत नव्हे.

ती ओळ वाचून खुर्चीबाईला आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. हे आपल्याला कसं सुचलं नाही? पण सुचणार कुठून! जन्मात ती कामावर जेव्हा जेव्हा बसली होती तेव्हा लपूनच बसली होती. बसायचं म्हणजे आडोसा शोधायचा, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की कायदा लिहितानाही तिनं खुर्ची उजेडात मांडली नव्हती.

कारण या विधेयकाचं मूळ बाजारपेठेतल्या बुटांच्या एका दुकानात होतं. तिथे ती आणि तिची थोरली बहीण, ताई, दोघी कामाला होत्या. दुकानात बसायला बाकडी होती, पण ती गिऱ्हाइकांची. गल्ल्यावर गादीची खुर्ची होती, ती मालकाची. बाकीच्यांनी उभं राहायचं, शिडीवर चढायचं, वाकायचं, गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवायचा आणि पुन्हा उभं राहायचं. दुपारी गर्दी ओसरली की दोघींपैकी एक, नंबर शोधायच्या निमित्तानं मागच्या खोलीत जायची आणि खोक्यांच्या आड एका पालथ्या पेटीवर टेकायची. आणि टेकलं रे टेकलं की तो आवाज यायचा.

हुश्श.

तो आवाज दाबता येत नाही. माणसाला शिंक आवरता येते, हसू गिळता येतं, रडूही मागे सारता येतं. पण तासन्‌तास उभं राहून बूड टेकलं की पायांच्या तळव्यांतून जे निघतं आणि छातीतून बाहेर पडतं, ते आवरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. दोघींनी तोंडावर हात दाबून पाहिला होता, ओठ चावून पाहिले होते, श्वास कोंडून पाहिला होता. काही उपयोग नाही. आणि मालकाचे कान असे तिखट, की गल्ल्यावरून लगेच हाक यायची: "कोण बसलंय तिकडे?" की उठलीच टुणकन, हातात दिसेल ते खोकं घेऊन.

पुढे धाकटी दुकान-कामगारांच्या संघटनेत गेली, भाषणं करायला लागली, बघता बघता निवडून आली. ताई दुकानातच राहिली. तिला ते काम मनापासून आवडायचं. माणूस दारातून आत येतानाच ती त्याचा नंबर सांगायची, आणि लहान मुलाच्या पायात पहिला बूट चढवताना तर तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. पण आता तिच्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या होत्या, आणि घोट्याच्या वर एक जखम होती ती काही केल्या भरत नव्हती. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, "बसून काम करा, नाहीतर काम सोडा. दोन्ही जमणार नसेल तर पुढे पाय सोडायची वेळ येईल." ताईनं मालकाला एक खुर्ची मागितली. मालक म्हणाला, "बसायचंय ना? घरी बसा की. माझी कुठे ना आहे?"

"ताई, सोड ना ते काम," धाकटी म्हणाली होती. "मी आहे ना."

"तू आहेस, माहीत आहे मला. पण तुझ्या जिवावर मी बसून खाऊ? मला फुकटचं बसायचं नाही गं. मला दुकानात बसायचंय."

तेव्हापासून धाकटीनं ध्यास घेतला. आणि आता विधेयक सगळ्या पायऱ्या चढून, वरच्या सभागृहाची ती एक ओळ घेऊन परत आलं होतं. खालच्या सभागृहानं त्या ओळीला हो म्हटलं की ते राष्ट्रप्रमुखांच्या सहीला जाणार आणि कायदा होणार. पण पुढच्या आठवड्यात सभागृह विसर्जित व्हायचं होतं. निवडणुका लागल्या होत्या. विसर्जन झालं की अर्धवट राहिलेली सगळी विधेयकं रद्द. नव्या सभागृहात पुन्हा श्रीगणेशा. आणि सरकारचं नसलेलं, एकेकट्या सदस्यानं मांडलेलं विधेयक घ्यायला आठवड्याची शेवटची दुपार तेवढी राखून ठेवलेली. म्हणजे आजची. तीही पाचच्या ठोक्यापर्यंत.

"ती एक ओळ आली नसती तर केव्हाच सही झाली असती," तिच्या पक्षाचे प्रतोद सकाळी हळहळले. सदस्यांना हाकून आणून मतदानाला बसवणं हे प्रतोदांचं काम. त्या धावपळीनं ते वाळून काटकी झाले होते आणि सतत पेपरमिंट चघळत असत.

"सही झाली असती आणि खुर्ची माळ्यावर गेली असती," ती म्हणाली. "ती ओळ हवीच. तुम्ही फक्त माणसं आणा. बाकीचं होतंय."

"होतंय म्हणे! पाचवाजे बोलणार आहेत."

पाचवाजे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते निवृत्त वकील, सभागृहातले सगळ्यांत ज्येष्ठ सदस्य, पांढऱ्याशुभ्र केसांचे, पाठीनं ताठ. नियमांचं पुस्तक त्यांना मुखोद्गत होतं. नियमाचा मुद्दा सोडला तर बोलणाऱ्याला कुणी मध्येच थांबवायचं नाही, अशी या सभागृहाची जुनी रीत. आणि पाचचा ठोका पडला तेव्हा कुणी बोलत असेल, तर मतदान होत नाही, विधेयक लटकतं. या दोन गोष्टींच्या फटीत पाचवाजेंनी अख्खी कारकीर्द काढली होती. पदपथांचं विधेयक, भोंग्यांचं विधेयक, घरमालकांचं विधेयक, सगळी त्यांनी मतांनी नव्हे, बोलून बोलून मारली होती. त्यांच्या मतदारसंघात दुकानदारांची संघटना जबरदस्त होती हे खरं. पण त्यांना स्वतःलाही मनापासून वाटायचं की कायद्यानं दुकानाच्या उंबऱ्याबाहेर थांबावं.

सकाळी ते तिला व्हरांड्यात भेटले. तिची नजर सवयीनं आधी त्यांच्या पायांकडे गेली.

"नवे बूट घेतलेत वाटतं, साहेब?"

"निवडणूक आली ना, बाई. लोक आधी बूट बघतात, मग जाहीरनामा."

"लहान पडतायत तुम्हाला. पंजात आवळतायत."

"दिसतात ना रुबाबदार? मग झालं तर." ते हसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका हं. माझं तुमच्याशी वैर नाही. माझं काम घड्याळाशी."

"माझंही नाही तुमच्याशी," ती म्हणाली. "आज विधेयक मंजूर होणार आहे, साहेब."

ते एवढ्या मोठ्यानं हसले की दारावरचा शिपाईही दचकला.

दुपारी ती सभागृहात आली तेव्हा ताई प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्या रांगेत बसलेली होती. रजा काढून आली होती. दुखरा पाय पुढे लांबवून, दोन्ही हात कठड्यावर ठेवून खाली बघत होती. धाकटीनं वर बघून मान हलवली. ताईनं भुवया उंचावल्या, म्हणजे, होईल ना गं? धाकटीनं पुन्हा मान हलवली. तिच्या मनात शंका नव्हती असं नाही. पण शंका चेहऱ्यावर आणून गिऱ्हाइकाला बूट विकता येत नाहीत, हे ती फार आधी शिकली होती.

प्रतोदांनी आपलं काम चोख केलं होतं. बाक भरले होते, मतं खिशात होती. पाचवाजेंच्या बाजूचे बहुतेक जण प्रचाराला गावोगाव पांगले होते. उरलेले तीन-चार जण त्यांच्या मागे पेंगत होते. त्यांची जागा घ्यायला दुसरा बोलका माणूस नव्हता. पण पाचवाजेंना दुसऱ्याची गरज कधी पडली होती? ते उठले, कोट सारखा केला, आणि सुरू झाले.

आधी त्यांनी खुर्चीचा इतिहास सांगितला. पूर्वी खुर्ची फक्त राजाला असे, बाकीचे उभे असत, आणि राज्यं कशी छान चालत. तिथून ते सैनिकांवर आले. पहारेकरी बसला तर काय होईल? सैनिकांवरून झाडांवर. "झाडं कधी बसतात का, अध्यक्षमहोदया? आणि बसलेलं झाड तुम्ही कधी फळ देताना पाहिलंत का?" मग त्यांचे आजोबा आले, जे म्हणे उभ्यानंच जेवत आणि उभ्यानंच वारले. "उभा माणूस हा जागा माणूस असतो," पाचवाजे गरजले. "बसलेल्या माणसाला आधी आराम सुचतो, मग आळस, मग तक्रार!" माणूस बोलत छान होता, हे कबूल करायलाच हवं. विधेयकाच्या बाजूचे सदस्यसुद्धा अधूनमधून खुद्कन हसत होते. फक्त घड्याळाचे काटे पुढे सरकत होते, आणि प्रतोदांचा पेपरमिंट कडाकड फुटत होता.

आता इथे त्या सभागृहाची एक खास रीत सांगायला हवी. बोलणाऱ्यानं उभं राहूनच बोलायचं, आणि नुसतं उभं नव्हे, कशालाही न टेकता. बाकावर कोपर ठेवलं, हात टेकवला, की भाषण संपलं असं धरायचं. नियम जुना होता आणि कुणी फारसा पाळत नसे. पण पुष्कळ वर्षांपूर्वी एक नवी सदस्या पहिलंच भाषण करताना जराशी बाकाला टेकली आणि पाचवाजेंनी उठून हरकत घेतली. तिचं भाषण अर्ध्यावर तुटलं. तेव्हापासून नियम कडक झाला, तो पाचवाजेंच्याच कृपेनं. आणि ती नवी सदस्या आज अध्यक्षांच्या आसनावर बसून, चष्म्यावरून, त्यांच्या दोन्ही हातांकडे टक लावून बघत होती.

म्हणून सगळं सभागृह पाचवाजेंच्या कोपराकडे बघत होतं. एकटी खुर्चीबाई मात्र त्यांच्या पायांकडे बघत होती.

आधी त्यांनी भार उजव्या पायावरून डाव्यावर घेतला. सावकाश, कुणाच्या लक्षात न येईल असा. मग डाव्यावरून उजव्यावर. मग ते भरभर व्हायला लागलं. मग टाचा उचलून बोटांवर. हे सगळं तिला पाठ होतं. दुकानात गर्दीच्या दिवशी दुपार कलली की सगळ्यांचे पाय असेच बोलायला लागत. शेवटी गुडघे ताठ झाले आणि हालचाल थांबली. बाकीच्यांना वाटलं, म्हातारा सावरला. तिला माहीत होतं, आता काही खरं नाही. त्यांच्या ओठांचा रंग उडाला होता, कपाळ ओलं झालं होतं, आणि बाकापासून हात मुद्दाम लांब धरलेले होते.

ताई एकदा अशीच पडली होती. भर दुकानात, हातातलं खोकं तसंच घट्ट धरून. पडण्याआधी तिचा चेहरा असाच झाला होता. तेव्हा धाकटी समोरच होती आणि मालकाच्या धाकानं तिला 'बस' असं म्हणाली नव्हती.

"टेकतोय," शेजारून प्रतोद कुजबुजले. "आता टेकणार. आपण फक्त गप्प बसायचं."

"ते टेकणार नाहीत. पडतील."

"पडू देत की! पडले तरी भाषण संपलंच."

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पेपरमिंट गिळला. "म्हणजे माणूस उभ्या उभ्या कोसळेपर्यंत आपण बघत राहायचं? हेच बंद करायला आलोय ना आपण इथे?"

"अगं, पण त्यांना बसून बोलायला मिळालं तर ते पाच काय, पहाटेपर्यंत बोलतील! हातातोंडाशी आलेला घास घालवशील."

"नाही बोलणार."

"कशावरून?"

"मी बुटांच्या दुकानात होते," ती म्हणाली आणि उठून उभी राहिली. "अध्यक्षमहोदया, नियमाचा मुद्दा आहे."

पाचवाजे थांबले, पण उभेच, ताठ.

"आजारी किंवा थकलेल्या सदस्याला सभागृहाच्या परवानगीनं बसून बोलता येतं, असा नियम आहे. कुठल्याही सदस्याला तशी विनंती करता येते. मी विनंती करते, की सन्माननीय सदस्यांना बसून बोलू द्यावं."

प्रतोदांनी कपाळाला हात लावला. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जुना हिशेब चुकता करायची याहून नामी संधी त्यांना मिळाली नसती. नुसतं गप्प राहिलं तरी भागलं असतं. पण बाई नियमाच्या पक्क्या होत्या. त्यांनी विचारलं, "सभागृहाची हरकत?" एकही हात वर झाला नाही. "परवानगी आहे. सन्माननीय सदस्यांनी बसून बोलावं."

पाचवाजे हलले नाहीत. त्यांनी खुर्चीबाईकडे संशयानं पाहिलं. "हा कुठला डाव, बाई?"

"डाव नाही, साहेब. हवं तर पाचपर्यंत बोला. पण बसून बोला. पाय बघा तुमचे."

खरं सांगायचं तर तिच्या मनात दोन्ही होतं. माणूस पडू नये असं तिला जिवापाड वाटत होतं; आणि बसल्यावर काय होतं, हेही तिला ठाऊक होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला तेव्हाही वाटलं नाही आणि नंतरही कधी वाटलं नाही.

म्हाताऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं. मग बुटांकडे. शिपायानं येऊन त्यांच्या पुढ्यातला माईक वाकवला आणि बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला आणला. पाचवाजेंनी दोन्ही हात मागे नेले, बाक चाचपला आणि बसले.

"हुश्शऽऽऽ."

साधासुधा नव्हे. तळपायांपासून निघालेला, गुडघ्यांत अडखळलेला, लांबलचक, सुखाचा, एखाद्या लेकराचा असावा तसा. माईकनं तो उचलला आणि सभागृहाच्या चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांनी घुमवला. लघुलेखकाचा हात थांबला. हे कामकाजात कसं लिहायचं, म्हणून तो वर बघायला लागला. मग वरून, सज्जातून, एकच हसू फुटलं. ते ताईचं होतं. तिला ते आवरलंच नाही. आणि मग सगळं सभागृह हसलं, दोन्हीकडचे बाक हसले, पाचवाजेंच्या मागे पेंगणारे जागे होऊन हसले, अध्यक्षांनीही तोंडापुढे कागद धरला.

पाचवाजे लालबुंद झाले. "अध्यक्षमहोदया," त्यांनी आवाज चढवला, "मी सांगत होतो, की उभं राहण्यानं माणसाच्या..."

आणि थांबले. हसू ओसरलं. ते स्वतःच्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी तिच्याकडे मान वळवली आणि घरातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "किती वर्षं होतात तुम्ही त्या दुकानात?"

"चौदा. माझी ताई अजून आहे."

तिनं वर पाहिलं तसं त्यांनीही वर पाहिलं. ताई हसायची थांबली होती आणि संकोचून दुखरा पाय आत ओढून घेत होती. ते म्हाताऱ्यानं पाहिलं. घड्याळ होतं, वेळ होता, माईक समोर होता, परवानगी होती. पाचपर्यंत नुसतं नियमांचं पुस्तक वाचत बसले असते तरी विधेयक मेलं असतं.

"माझं भाषण संपलं," पाचवाजे म्हणाले.

अध्यक्षांनी ताबडतोब मतदान पुकारलं. या सभागृहात मत उभं राहून द्यायचं. "बाजूनं असतील त्यांनी उभं राहावं." बाकांमागून बाक उठले, लाकडाचा एकच खडखडाट झाला. "बसा. विरोधात असतील त्यांनी उभं राहावं."

पाचवाजेंच्या मागचे तीन-चार जण अर्धवट उठले आणि ते काय करतात म्हणून बघायला लागले. ते हललेसुद्धा नाहीत. त्यांनी खाली वाकून एका बुटाची नाडी सैल केली आणि मागे हात हलवत म्हणाले, "राहू द्या हो. आत्ता कुठे बसलोय."

मागचे बसले. विरोधात कुणी नाही. विधेयक मंजूर. पाचचा ठोका पडला तेव्हा खुर्चीबाईचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते पुसले नाहीत. प्रतोद तिचा हात धरून गदागदा हलवत होते आणि आपल्याला हे आधीपासूनच माहीत होतं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

राष्ट्रप्रमुखांची सही झाली, राजपत्रात छापून आलं, आणि कायदा लागू व्हायचा दिवस उजाडला. त्या दिवशी सकाळी ती प्रचार सोडून बुटांच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक म्हणून. गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "प्रचाराला चालायचंय. चांगला मऊ जोड दाखवा."

खुर्ची आली होती. शेल्फाशेजारी, दारातून दिसेल अशी, पाठ असलेली, वरचं प्लास्टिकही अजून न काढलेली. ताई त्या खुर्चीच्या बाजूला उभी होती. तिनं बूट दाखवले, एका जोडाचे दोन नंबर काढले, नाड्या ओवल्या, बहिणीच्या पायात चढवले. नंतर दुकानात दुसरं कुणी नव्हतं, हाताशी काम नव्हतं. तरी ताई उभीच.

"अगं, बस ना," धाकटी हळूच म्हणाली.

"बसते गं." ताईनं गल्ल्याकडे पाहिलं. मालक मान खाली घालून नोटांच्या चळतीला रबर लावत होता. तिनं खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, कुणाची परवानगी घ्यावी तसा. मागच्या खोलीच्या दाराकडे एकदा सवयीनं बघितलं. मग खुर्चीच्या कडेवर टेकली. मग जरा मागे सरकली. मग पाठ टेकवली, आणि तिला काही कळायच्या आत तो आवाज निघून गेला.

"हुश्श."

गल्ल्यावरची मान वर झाली नाही. कायदा कागदावर आला होता, पण मालकाच्या कानांपर्यंत अजून पोचला नव्हता. इतक्या वर्षांची सवय. तोंडातून आपोआप हाक निघाली:

"कोण बसलंय तिकडे?"

धाकटी दचकून बाकड्यावरून अर्धी उठली. खासदार झाली तरी पाय तेच होते.

ताई उठली नाही. तिनं दुखरा पाय पुढे लांबवला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मी बसलेय."